नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचा हिस्लॉप कोण होता? कामठीच्या सैनिकांचा पाद्री आणि १३ जून १८५७ ची रात्र

नागपुरात हिस्लॉप कॉलेज माहीत नाही असा माणूस सापडणं अवघड. सिव्हिल लाइन्समधलं हे कॉलेज १८८३ चं. नागपूरच्या कितीतरी पिढ्या तिथे शिकल्या. पण ज्याच्या नावाचं हे कॉलेज, तो स्टीफन हिस्लॉप त्याची स्थापना व्हायच्या वीस वर्षं आधीच गेला होता.

तो शाळा काढणारा पाद्री होता, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. भूगर्भशास्त्र शिकलेल्यांना तो जीवाश्म शोधणारा म्हणून माहीत असतो. त्याच्या आयुष्यातला तिसरा धागा मात्र फारसा कुणी सांगत नाही. तो धागा जातो थेट कामठीच्या लष्करी छावणीत. नागपुरातलं मिशन उभं राहिलं एका फौजी अधिकाऱ्याच्या पैशातून, त्याच्या मंडळीत बसणारे बरेच लोक फौजेशी बांधलेले होते, आणि १८५७ साली नागपुरात उठावाची रात्र ठरली तेव्हा या पाद्र्याचं नाव त्या गोष्टीतही आलं.

तर हा माणूस इथे आला कसा, तिथून सुरुवात करू.

स्टीफन हिस्लॉपचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स या लहानशा गावातला. एडिंबरा आणि ग्लासगोमध्ये शिक्षण झालं. तो पाद्री होण्याच्या तयारीत होता तेव्हा, म्हणजे १८४३ साली, स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. चर्चचा पाळक कुणी नेमायचा, जमीनदाराने की लोकांनी, हा वादाचा मुद्दा होता. शेकडो पाद्री सरकारमान्य चर्च सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. बाहेर पडताना घर, पगार, चर्चची इमारत, सगळं सोडावं लागलं. हिस्लॉप या फ्री चर्चचा.

ही फूट नागपूरच्या गोष्टीत महत्त्वाची आहे, कारण ईस्ट इंडिया कंपनी आपल्या फौजेसाठी पगारी पाद्री ठेवायची. त्यातले बहुतेक इंग्लंडच्या चर्चचे आणि थोडे स्कॉटलंडच्या सरकारमान्य चर्चचे. फ्री चर्चवाल्यांना त्यात जागा नव्हती. म्हणजे हिस्लॉप फौजेत जे काही करणार होता ते कंपनीचा पगार न घेता. सोजिरांच्या दृष्टीने तो साहेबांच्या हुकुमाने येणारा माणूस नव्हता.

आता नागपूरच का? त्याचं उत्तर विल्यम हिल या माणसात आहे. हिल हा मद्रास फौजेतला अधिकारी. त्याच्या पत्नीचं निधन झालं आणि तिच्या आठवणीसाठी त्याने मोठी रक्कम बाजूला काढली. या भागात मिशन सुरू करा, पैसे मी देतो, असा त्याचा प्रस्ताव होता. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन, म्हणजे ज्यांच्या नावाचं विल्सन कॉलेज आहे तेच, त्यांच्यामार्फत हा प्रस्ताव फ्री चर्चकडे गेला. स्वतःची घरंदारं नुकतीच गमावलेल्या त्या चर्चने तो स्वीकारला आणि २७ वर्षांच्या हिस्लॉपला धाडलं. १८४४ च्या शेवटी तो पत्नी इरास्मासह मुंबईत उतरला आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपूरला पोचला.

चर्चने सैनिकांना मदत केल्याच्या गोष्टी बऱ्याच असतात. इथे मात्र पहिली मदत सैनिकाने चर्चला केली होती.

तेव्हाचं नागपूर भोसल्यांचं. १८१७ साली सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाली, भोसले हरले आणि त्यांच्या मुलखात इंग्रजांची तैनाती फौज कायम राहिली. ही फौज ठेवायला १८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी, शहरापासून साधारण १५ किलोमीटरवर छावणी वसवली. तीच कामठी. फौज होती मद्रासची. मद्रासच्या शिपायांची एक खास पद्धत होती. बंगालच्या फौजेतला शिपाई घरदार गावी ठेवून नोकरीवर यायचा, मद्रासचा शिपाई मात्र बायकापोरं, म्हातारे आईबाप, सगळा संसार घेऊन फलटणीबरोबर फिरायचा. फलटण कामठीत आली की तिच्यामागे तमिळ आणि तेलुगू बोलणारी अख्खी वस्ती यायची. त्यात स्वयंपाकी, धोबी, मोतद्दार, दुकानदार. विदर्भाच्या मधोमध असलेल्या कामठीत आजही दक्षिणी घराणी आहेत, ती उगाच नाहीत.

या वस्तीत मद्रासकडून आलेले ख्रिस्ती लोकही होते. त्यांना मराठी येत नव्हती, इंग्रजी उपासना कळत नव्हती. पगारी पाद्री गोऱ्यांसाठी. मग या लोकांचं लग्न, बारसं, मौत कोण करणार? हिस्लॉपच्या मिशनने कामठीत ठाणं धरलं ते या लोकांसाठीसुद्धा. तमिळ, तेलुगू जाणणारे देशी प्रचारक तिथे काम करायचे, शाळा चालायची, आणि हिस्लॉप इंग्रजी बोलणाऱ्यांची उपासना घ्यायला नागपूरहून कामठीला जायचा. पुढे सीताबर्डीलाही हे सुरू झालं. आठवडाभर शाळा, बाजारात प्रवचनं, आणि त्यात छावणीच्या या फेऱ्या.

एवढं काय त्यात, असं वाटू शकतं. पण त्या काळच्या गोऱ्या सोजिराचं आयुष्य बघितलं की कळतं.

सिनेमात दिसतो तसा तो रोज लढत नव्हता. वर्षातले बहुतेक दिवस तो बराकीत बसून असायचा. उन्हाळ्यात सकाळी परेड झाली की दिवसभर बाहेर पडायची बंदी. करायला काम नाही, वाचायला पुस्तक नाही, घरी पत्र लिहायचं तर कित्येकांना लिहिता येत नाही. वेळ घालवायला एकच गोष्ट मुबलक आणि स्वस्त होती, ती म्हणजे दारू. लग्नाचंही तसंच. पलटणीतल्या शंभरातल्या साधारण बारा जणांनाच बायको बरोबर आणायची परवानगी मिळायची. नवरा मेला की त्या बाईचं शिधापाणी थोड्याच दिवसांत बंद, म्हणून पलटणीतल्या विधवा महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा लग्न करत. लोक त्यांना नावं ठेवायचे. पण परक्या मुलखात, पोरं कडेवर घेऊन, त्या करणार काय होत्या?

आणि मरण तर रोजचं. हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्यावर इंग्लंडमध्ये शाही आयोग बसला होता, फ्लॉरेन्स नाइटिंगेलने त्यासाठी रान उठवलं होतं. त्याचा अहवाल १८६३ मध्ये आला. त्यात निघालं की इथे दर हजार गोऱ्या सैनिकांमागे वर्षाला ६९ मरतात. यातले फार थोडे गोळी लागून मरत. बाकीचे कॉलरा, हगवण, ताप आणि यकृताच्या आजारांनी जात.

अशा ठिकाणी बाहेरून येणारा, कुठल्याही हुद्द्याच्या उतरंडीत नसलेला, आजाऱ्याजवळ बसणारा आणि मेलेल्याला नीट माती देणारा एक माणूस असणं ही बारीक गोष्ट नव्हती. साहेबाजवळ बोलायची सोय नाही, शेजारच्या खाटेवरच्या सोबत्याजवळ बोलायची लाज, अशा गोष्टी पाद्र्यापाशी बोलता यायच्या.

मात्र यात एक धोक्याची जागा होती, आणि ती १८५७ च्या मुळाशी आहे. गोऱ्या ख्रिस्ती सोजिरासाठी उपासना घेणं वेगळं आणि देशी शिपायाला फौजेच्या आत धर्म सांगणं वेगळं. कंपनीचे शहाणे अधिकारी दुसऱ्या गोष्टीला घाबरायचे. बराकपूरच्या ३४ व्या पलटणीचा कर्नल व्हीलर आपल्याच शिपायांना ख्रिस्ती धर्म सांगायचा. कर्नलने सांगितलेला धर्म शिपायाला उपदेश वाटत नाही, हुकूम वाटतो. मंगल पांडे याच ३४ व्या पलटणीतला. काडतुसांची बातमी आली तेव्हा आमचा धर्म बाटवायचा डाव आहे ही शंका आधीच मनात पेरलेली होती, आणि ती पेरण्यात व्हीलरसारख्यांचा हात होता.

हिस्लॉपही धर्मप्रसारकच होता, आणि त्याने ते कधी लपवलं नाही. १८४८ मध्ये एका ब्राह्मण तरुणाने त्याच्याकडे बाप्तिस्मा मागितला, तेव्हा भोसले राजाच्या मागणीवरून त्या मुलाला परत द्यावं लागलं आणि शहरात मोठा गोंधळ झाला. शाळा ओस पडायची वेळ आली. पण त्याच्या हातात हुकूम नव्हता, हे नागपूरकरांना दिसत होतं. तो बाजारात उभा राहून मराठीत बोलायचा, लोक उलट प्रश्न विचारायचे, मौलवी आणि शास्त्री वाद घालायचे. पटलं नाही तर उठून घरी जायला सगळे मोकळे.

शाळेची सुरुवात मे १८४६ मध्ये झाली. पुढे तिथे गर्दी होऊ लागली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हा दुसरा पाद्री मदतीला आला आणि हिस्लॉपला फिरायला सोबती मिळाला. फिरणं म्हणजे खेडोपाडी, थंडीच्या दिवसांत, घोड्यावर. याच भटकंतीत १८५१ मध्ये शहराजवळच्या टाकळीला त्यांना दगडात गोड्या पाण्यातले शिंपले सापडले. लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेलं जुनं तळं होतं ते. मग वेडच लागलं. दोघांनी मिळून नागपूरच्या भूगर्भावर लिहिलेला लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत पोचला. मांगलीला सापडलेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचं वर्णन तर डायनोसॉर हा शब्द देणाऱ्या रिचर्ड ओवेनने केलं. एका हिरवट खनिजाला हिस्लॉपाइट नाव मिळालं. पाण्यातल्या एका सूक्ष्म जीवाला हिस्लोपिया.

इथेही फौज आलीच. जीवाश्म गोळा करण्यात त्याचा जोडीदार होता मद्रास इंजिनिअर्सचा एक तरुण अधिकारी, रिचर्ड सँकी. बेंगळुरूला सँकी टँक नावाचं तळं आहे ना, ते याच सँकीचं. छावणीतल्या माणसांशी हिस्लॉपचं नातं फक्त प्रार्थनेपुरतं नव्हतं. रिकामा वेळ खायला उठणाऱ्या फौजी आयुष्यात दगड फोडत हिंडायला नेणारा पाद्री हा सुद्धा एक आधारच म्हणायचा.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले. दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, दागिने लिलावात निघाले. शहर आतून धुमसत होतं. राजाची फौज मोडली होती, तिच्या जागी इंग्रजांनी नवी इरेग्युलर फौज उभी केली. त्यातल्या घोडदळाच्या लाइनी होत्या टाकळीला. ज्या टाकळीत हिस्लॉपला शिंपले सापडले, तीच ही टाकळी. हंटरची तब्येत ढासळून तो १८५५ मध्ये मायदेशी गेला होता. हिस्लॉप पुन्हा एकटा पडला.

मे १८५७ मध्ये मेरठची बातमी आली.

नागपुरात बेत असा ठरला होता. १३ जूनच्या रात्री शहरातून आगीचे फुगे आकाशात सोडायचे. ती खूण. खूण दिसली की टाकळीचं घोडदळ खोगीर घालून निघणार, पायदळ आणि तोफखाना सामील करून घेणार, आणि सीताबर्डीवरच्या इंग्रजांवर हल्ला होणार. घोडदळाच्या एका तुकडीला शिवनीकडे कूच करायचा हुकूम आला होता, म्हणजे वाट बघायला वेळही उरला नव्हता.

बेत फुटला. पायदळाच्या लाइनीत निरोप घेऊन गेलेल्या माणसाला तिथल्याच शिपायाने धरून दिलं. पायदळ उठलं नाही, तोफा हलल्या नाहीत, शहरातले फुगे उडाले नाहीत. सरकारी नोंदींमधली गोष्ट ही अशी.

हिस्लॉपचं चरित्र १८८८ मध्ये जॉर्ज स्मिथने लिहिलं, त्यात आणखी एक पदर येतो. हिस्लॉपचा एक मुसलमान मित्र होता. हल्ला होणार आहे, ख्रिस्ती लोकांची कत्तल ठरली आहे, ही खबर त्याने हिस्लॉपला आगाऊ दिली आणि हिस्लॉपने ती अधिकाऱ्यांपर्यंत पोचवली. स्मिथ हिस्लॉपचा चाहता होता, त्यामुळे नागपूर पाद्र्याने वाचवलं असा सूर त्यात लागणारच. एका माणसाच्या खबरीवर सगळं टळलं असं मानायचं कारण नाही. पायदळाने दिलेला नकार, कामठीची मद्रास फौज बिघडली नाही ही गोष्ट, आणि भोसल्यांच्या घरातल्या वयोवृद्ध बाकाबाईंनी आपल्या माणसांना आवरलं, हे सगळं मिळून ती रात्र टळली.

पण खबर देणारा तो मित्र बघा. बारा वर्षं ज्या माणसाशी धर्मावरून वाद घातला, त्यालाच येऊन तो सांगतो की जीव वाचव. फौजेकडे हेर होते, पैसे होते, तोफा होत्या. असा मित्र मात्र फौजेला विकत मिळाला नसता. तो मराठी शिकून बाजारात बसल्याने मिळाला होता.

त्या रात्री वस्तीतल्या गोऱ्या बायकापोरांना कामठीत आणि रेसिडेन्सीच्या आसऱ्याला हलवायची धांदल उडाली. त्यात मिशनची माणसं होती. देशी ख्रिस्ती लोकांची अवस्था तर दुहेरी. उठाव करणाऱ्यांच्या नजरेत ते इंग्रजांचे, आणि इंग्रजांच्या नजरेत ते काळेच. उत्तर हिंदुस्थानात १८५७ मध्ये देशी ख्रिस्ती मंडळींनी खूप सोसलं, आणि बऱ्याच ठिकाणी साहेबांनी आसरा देताना त्यांना शेवटी ठेवलं. नागपुरात तलवार चालली नाही म्हणून ती वेळ आली नाही.

काही दिवसांत कामठीहून मद्रास फौज आली, घोडदळाची हत्यारं काढून घेतली गेली. मग खटले आणि फाशी. सीताबर्डीच्या किल्ल्यात आजही नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांची कबर दाखवतात. किल्ल्याच्या तटावर त्यांना फाशी दिलं असं सांगितलं जातं. लोक त्या जागेला नऊगज अली बाबा म्हणतात आणि तिथे डोकं टेकवतात.

इथे ही गोष्ट सरळ राहत नाही. नागपूरकरांसाठी ते नऊ जण स्वातंत्र्यासाठी गेलेले हुतात्मे. त्याच नागपूरकरांची पोरं हिस्लॉपच्या नावाच्या कॉलेजात शिकली. हिस्लॉपने खबर दिली ती शाळेतली पोरं, बायका आणि आपल्या मंडळीतली माणसं मारली जातील या भीतीने दिली असणार. आपल्या शेजाऱ्यांची कत्तल होणार हे कळल्यावर गप्प बसा, असं आज कुणीही त्याला सांगणार नाही. पण त्या खबरीच्या दुसऱ्या टोकाला फाशीचा दोर होता, हेही तितकंच खरं. युद्धात सैनिकांच्या बाजूला उभा राहिलेला पाद्री कुणाच्या तरी विरुद्ध बाजूलाही उभा असतो. टाकळीचे घोडेस्वारही सैनिकच होते. त्यांच्यासाठी प्रार्थना करायला कोणता पाद्री गेला नाही. त्यांचा मौलवी आणि त्यांचं शहर त्यांच्यासाठी रडलं.

उठावाच्या त्या काळात कामठीहून फिरती फौज उत्तरेला, जबलपूरच्या दिशेने गेली. पुरुष मोहिमेवर, बायका-पोरं छावणीत मागे. कुणाचं काय झालं ही बातमी आठवडे उलटले तरी यायची नाही. मद्रास शिपायांचे संसार तर मुळातच कामठीत होते. छावणीतल्या शाळेत मुलं येत राहणं, रविवारी चारचौघांत बसायला जागा असणं, याची किंमत अशा दिवसांत कळते. गोळी चालते तिथे मिशन काही करू शकत नव्हतं. मागे राहिलेल्यांसाठी रोजचं जगणं चालू ठेवणं त्याच्या हातात होतं.

नंतर जे घडलं त्यावरून हिस्लॉप काय चीज होता ते दिसतं. उठाव मोडल्यावर बहुतेक गोरे सूडाच्या भाषेत बोलत होते आणि सरकारवर टीका म्हणजे गद्दारी, असं वातावरण होतं. हिस्लॉपने त्याच काळात नागपूरच्या इंग्रजी कारभारावर टीका सुरू केली. फ्रेंड ऑफ इंडिया या त्या वेळच्या वजनदार पत्रात त्याची पत्रं आली. कारभार किती ढिला आहे, रयतेला कसा जाच होतो, हे त्यात होतं. अधिकाऱ्यांना ते झोंबलं. ज्यांच्या जिवासाठी त्याने खबर पोचवली, त्याच वर्गाची ती उणीदुणी होती. (हे पत्र चालवणारा संपादक पुढे त्याचा चरित्रकार झालेला जॉर्ज स्मिथच. म्हणून स्मिथचं कौतुक थोडं चाळून घ्यावं लागतं.) १८६१ मध्ये नागपूर आणि सागर-नर्मदेचा मुलूख जोडून मध्य प्रांत तयार झाला. कारभाराच्या तक्रारी हे त्यामागचं एक कारण, आणि त्या तक्रारींत हिस्लॉपचा आवाज होता.

१८६२ मध्ये रिचर्ड टेम्पल इथे चीफ कमिशनर म्हणून आला. त्याला हिस्लॉपसारखा माणूस हवाच होता. शाळांच्या योजनेत तो हिस्लॉपचा सल्ला घ्यायचा. नागपूरचा अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ चा, त्याच दिवसांतला. हिस्लॉप तेव्हा गोंड लोकांची भाषा, गाणी, चालीरीती लिहून काढत होता. गोंडांच्या लिंगो देवाची लांबलचक गीतकथा त्याने टिपून ठेवली होती. ती छापायची राहिली होती.

४ सप्टेंबर १८६३. नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटजवळ प्राचीन शिळावर्तुळं आहेत, म्हणजे थडग्यांभोवती गोल मांडलेले दगड. टेम्पल आणि हिस्लॉप ती बघायला गेले होते. मुक्काम बोरीला होता. टेम्पल पुढे गेला. हिस्लॉप मागे राहिला, कारण गावात मिशनची शाळा होती आणि तिची परीक्षा घ्यायची होती. संध्याकाळी तो एकटाच घोड्यावर निघाला. पाऊस झाला होता, वाटेतल्या ओढ्याला पाणी चढलं होतं. मुक्कामी घोडा आला, स्वार नव्हता.

माणसं दिवे घेऊन ओढ्यावर गेली. हिस्लॉप पाण्यात सापडला. चार दिवसांनी तो ४६ वर्षांचा झाला असता.

त्याच्या कुटुंबासाठी निधी उभारला गेला, त्यात टेम्पल पुढे होता. त्याच्या पेटीतली गोंडांवरची टिपणं टेम्पलने संपादित केली आणि १८६६ मध्ये मध्य प्रांतातल्या आदिवासींवरचं पुस्तक म्हणून छापली. आजही गोंडांचा अभ्यास करणाऱ्याला त्या पुस्तकापासून सुरुवात करावी लागते. त्याने सुरू केलेल्या शाळेच्या वाटेवर १८८३ मध्ये कॉलेज झालं आणि त्याला त्याचं नाव दिलं.

कामठीची छावणी अजून आहे. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आता तिथे आहे. सीताबर्डीचा किल्लाही फौजेकडेच आहे, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला तो लोकांसाठी उघडतात. त्या दिवशी गर्दी करून लोक वर चढतात, तटावरून शहर बघतात आणि नऊगज अली बाबाच्या कबरीशी थांबतात. हिस्लॉप कॉलेज तिथून फार लांब नाही.